बेचाळीस अंशांवरची पायरी

सरांसमोर "आज लई ऊन हाय" असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारत, "किती?" समोरचा गोंधळायचा. मग सर शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढत, सावलीत धरून दोन मिनिटं तसेच उभे राहत आणि सांगत, "चाळीस पूर्णांक चार. काल एक्केचाळीस होतं. आज कमी आहे." एवढं बोलून ते चालू लागत. ज्याला नुसते दोन शब्द बोलून मन मोकळं करायचं होतं, तो माणूस रस्त्यात एकटाच उभा राहायचा. लोक त्यांना टाळत ते यामुळेच. मीही पहिलं वर्षभर टाळलं.

मी त्यांच्या हाताखाली भौतिकशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. माझं माहेर गेवराईचं, सासर याच तालुक्याच्या गावातलं, आणि नोकरी दर वर्षी नव्यानं मिळणारी. जूनमध्ये हातात कागद पडेपर्यंत जिवाला घोर असायचा. कॉलेज साखर कारखान्याच्या संस्थेचं. कारखान्याचे अध्यक्ष तेच कॉलेजचेही अध्यक्ष. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली जुनी झालेली उपकरणं आमच्याकडे येत आणि कारखान्याचाच टँकर आमच्या हौदात पाणी ओतून जाई. विभागात माणसं तीनच: सर, मी आणि प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. मामा शिरूर कासारकडचे. त्यांचा मुलगा आणि सून दर हंगामाला ऊसतोडीला जात, आणि मामा इथं काचेची भांडी फडक्यानं पुसत त्यांच्या पत्राची वाट बघत.

सर मूळचे धर्मापुरीचे. घरचं तेलाचं दुकान. लहानपणी वडील करडईच्या तेलाची बाटली उजेडापुढे धरून भेसळ ओळखायला शिकवत, आणि सर म्हणत की त्यांचं सगळं भौतिकशास्त्र त्या दुकानाच्या उंबऱ्यावरच झालं, विद्यापीठानं फक्त प्रमाणपत्र दिलं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पायांत टायरच्या चपला. बायको आणि मुलगा गावी दुकान सांभाळत, सर शनिवारी जाऊन सोमवारी परत येत. इथं एका खोलीत एकटेच राहत. खानावळीचा डबा खात आणि बारा महिने थंड पाण्यानं आंघोळ करत. चूल, भांडी, बंब यांच्याशी त्यांचा आयुष्यात संबंध आला नव्हता. ही गोष्ट मी मुद्दाम सांगून ठेवते आहे, कारण त्यांची एकमेव मोठी चूक त्यातूनच झाली.

पुसायचं ते एकाच दिशेनं, हा त्यांचा दुसरा नेम. फळा वरून खाली पुसत, हात उचलून पुन्हा वर नेत आणि पुन्हा खाली आणत. चष्मा तसाच, टेबल तसंच. कोणी विद्यार्थी डस्टर उलटसुलट फिरवायला लागला की सर वर्गाबाहेर जाऊन उभे राहत. मला वाटायचं हे खूळ आहे. मग एक दिवस त्यांनी मला त्यांचं खरं काम दाखवलं, आणि ते खूळ कुठून आलं ते कळलं.

त्यांच्याजवळ काजळाच्या डबीएवढी एक तपकिरी बाटली होती. विद्यापीठातल्या त्यांच्या मार्गदर्शकांनी दिलेली. आत पेजेसारखं गढूळ काहीतरी. "हे काय आहे, सांगा बाई," सर म्हणाले. मी म्हटलं, "द्रव." ते म्हणाले, "अर्धं बरोबर." ते द्रवस्फटिक होतं. ओतलं तर वाहतं, पण त्यातले लांबट रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात. काचेच्या दोन पट्ट्या मऊ धोतराच्या तुकड्यानं एकाच दिशेनं घासायच्या, त्यांच्यामध्ये थेंबभर द्रव भरून पाचरीसारखा छोटा लोलक करायचा. घासलेल्या दिशेला रेणू आपोआप ओळीनं लागतात. फडकं एकदा जरी उलट फिरलं, तरी ओळ मोडते.

"उसाची मोळी बघा," सर म्हणाले. "टोकाकडून बघितली तर निराळी दिसते, बाजूनं बघितली तर निराळी. या द्रवातून प्रकाश जातो ना, त्यालाही तसंच होतं. एका अंगानं कंप पावणारा प्रकाश कमी वळतो, दुसऱ्या अंगानं कंप पावणारा जास्त. म्हणून याला अपवर्तनांक एक नाही, दोन. साधारण आणि असाधारण. या लोलकासमोर दुर्बीण लावली आहे. आता दुर्बिणीत बघा."

मी बघितलं. सोडियमच्या दिव्याची पिवळी रेघ एक असायला हवी होती, तिथे दोन होत्या. सरांनी गरम पाण्याचा पंप चालू केला. लोलकाभोवती पितळेचं दुपदरी आवरण होतं, त्याला ते जॅकेट म्हणत. त्यातून पाणी फिरायला लागलं. दोन्ही रेघा हळूहळू जवळ यायला लागल्या. चव्वेचाळीस अंशांच्या पुढे गेल्यावर एकाएकी झेप घेऊन त्या एक झाल्या आणि गढूळ द्रव पाण्यासारखा स्वच्छ झाला. "मोळीचा आळा, बांधलेला बंद, सुटला," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. मी मान वर करून बघितलं तर ते रेघेकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. आपल्याला जे दिसतं ते दुसऱ्यालाही दिसलं की नाही, याची त्यांना एवढी काळजी होती. त्या दिवसापासून मी त्यांना टाळायचं सोडलं.

कोणत्या तापमानाला हे दोन अंक किती, याची मोजमापं ते आठ वर्षं करत होते. त्यांच्या वह्या बघण्यासारख्या होत्या. एकेका वाचनावर काट मारून शेजारी कारण लिहिलेलं असायचं. रद्द, दार उघडलं. रद्द, शिंक आली. रद्द, कारखान्याच्या भोंग्यानं टेबल हललं. रद्द, मन ठिकाणावर नव्हतं. विद्यार्थ्यांनाही तोच न्याय. एकदा अध्यक्षांच्या पुतण्यानं मागच्या वर्षीच्या जर्नलातून काचेचा अपवर्तनांक उतरवून आणला. आकडा अचूक होता. सरांनी विचारलं, "हे घेतलं तेव्हा लॅबमध्ये तापमान किती होतं?" तो म्हणाला, "नेहमीसारखंच, सर." सरांनी जर्नल मिटून त्याच्या हातात दिलं. "नेहमीसारखं असं काही नसतं, बाळा. परत ये." पोरगं तीनदा परत आलं. तिसऱ्या वेळी त्याचं उत्तर बरंच चुकलं होतं, पण त्याचं स्वतःचं होतं. सरांनी सही केली.

मग दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही तसाच. ऊस जळाला, कारखान्याचा भोंगा बंद पडला, गावाबाहेरच्या कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाडीचं चाक वाजेना. इथं तोडायला ऊस नव्हता, म्हणून माणसं आणखी लांबच्या जिल्ह्यांत गेली. हौदात पूर्वी तळ्याचं पाणी यायचं; तळं आटलं, तेव्हा कारखान्याच्या बोअरचं पाणी टँकरनं यायला लागलं. ते पाणी इतकं जड होतं की त्यात डाळ शिजत नसे.

त्या काळात सरांनी एक वाक्य बोलून मामांना दुखावलं. त्या द्रवाला दमट हवा चालत नाही, ओल लागली की तो नासतो. सर मला ते समजावत होते, आणि उत्साहाच्या भरात बोलून गेले, "आपला दुष्काळ याला मानवतो, बाई. कोकणात हा महिनाभर टिकला नसता."

मामा मागे काच पुसत होते. हात न थांबवता म्हणाले, "तुमच्या बाटलीला मानवत आसंल सर. माणसाला न्हाई मानवत. आमच्या वस्तीवर बाया रांजणाच्या तळाला वाटी लावून पाणी काढायल्यात."

त्या दिवशी प्रयोग संपल्यावर पंपाच्या टाकीतलं दोन बादल्या पाणी सरांनी मोरीत सोडलं नाही. स्वतःच्या हातानं उचलून मुलींच्या वसतिगृहाच्या मागे, भांडी घासायच्या जागी नेऊन ठेवलं. पुढे रोज तेच. पन्नाशी उलटलेला प्राध्यापक दोन्ही हातांत बादल्या घेऊन मैदान ओलांडताना बघून पोरं हसायची. मामा बादली घ्यायला पुढे गेले तर सर म्हणत, "ऱ्हाऊ द्या मामा. माझ्या बाटलीचं पाणी आहे."

या दुष्काळातच त्यांना ती पायरी सापडली.

असाधारण अपवर्तनांकाचा आलेख तापमानाबरोबर सुरळीत वळण घेत खाली यायला हवा, असं सगळी पुस्तकं सांगत. सरांच्या नव्या मोजमापांत मात्र बेचाळीस अंशांजवळ आलेख एकदम थोडा खाली उतरे आणि मग पुन्हा सुरळीत चाले. जिन्याची एक पायरी उतरावी तसा. एकदा नाही, प्रत्येक वेळी, त्याच जागी. जुन्या वह्यांत ती नव्हती. सर म्हणाले, तेव्हा माझा हात बसला नव्हता. त्यांनी निष्कर्ष काढला की मोळी पूर्ण सुटायच्या आधी एकदा सैल होते, आणि हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. मार्गदर्शकही खूश झाले. आठ वर्षं रेंगाळलेल्या प्रबंधाला त्या पायरीनं जीव आला.

बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. ते एक दिवस प्रयोगशाळेतच आले, पांढरे कपडे, मागे चार माणसं. "सर, कवा व्हायचं तुमचं डॉक्टर? एक डॉक्टर दावा, विद्यापीठ आपल्याला एम्एस्सीचा वर्ग द्यायला तयार हाय. आपल्या भागातल्या पोरींला कोण बाहेरगावी धाडतंय? बीएस्सी झाली की लगीन. वर्ग आला तर निदान दोन वर्सं टळतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंची जागाबी पक्की व्हईल मग. लेक्चरर म्हणून."

सरांनी त्यांना दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. अध्यक्ष वाकून बघत राहिले. रेघा जवळ आल्या, एक झाल्या. "आगं बाबो," ते म्हणाले, "दोन गट एक झाले की. आमच्या संचालक मंडळात हे कावून जमंना?" मागची चार माणसं हसली. सर गंभीरपणे म्हणाले, "त्यासाठी आधी चांगलंच तापावं लागतं, साहेब." अध्यक्ष पहिल्यांदा चमकले, मग पोट धरून हसले. जाताना म्हणाले, "लवकर उरका." मी त्या दिवशी घरी जाऊन लेक्चररच्या जागेबद्दल नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, आणि शेजारच्या दोन घरांतही सांगून आले.

त्या हिवाळ्यात आमच्या घरचा बंब पाणी तापवेनासा झाला. लाकडं दुप्पट लागत आणि पाणी कोमटच राही. नवरा म्हणाला, नवा घेऊ. सासूबाई म्हणाल्या, "नवा कशाला? बोअरच्या पाण्यानं खार धरलाय आतून. जाळ लागतो तांब्याला, पाण्याला लागतच न्हाई." त्यांनी चिंचेचं पाणी ओतून बंब रात्रभर ठेवला, सकाळी आत काठी फिरवली, तर पांढऱ्या खपल्या सुपभर निघाल्या. त्यानंतर पाणी पहिल्यासारखं तापायला लागलं. मला त्या खपल्या बघताना सरांचं पितळी जॅकेट आठवलं. सर ते दर आठवड्याला बाहेरून चिंच लावून लखलखीत करत. आतून ते कोणी कधी उघडलं नव्हतं.

सर तेव्हा आठवडाभर विद्यापीठात गेले होते. मार्गदर्शक प्रबंधाचं पान न् पान तपासणार होते. मला वाटलं, ते येईपर्यंत जॅकेट साफ करून ठेवू, खूश होतील. खरोखर एवढंच मनात होतं. मी आणि मामांनी स्क्रू काढले. आतल्या भिंतीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा जाड खार बसला होता. चिंच आणि लिंबाच्या पाण्यात दिवसभर ठेवून आम्ही तो काढला. दुसऱ्या दिवशी, सगळं नीट बसलं की नाही हे बघायला मी स्वतः एक पूर्ण वाचन घेतलं, सरांच्याच पद्धतीनं.

पायरी नव्हती.

मी त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बेचाळीसवरून आलेख अगदी सुरळीत खाली गेला, पुस्तकात असतो तसा. मग मी वह्या काढून बसले आणि दुपारपर्यंत मला सगळं कळलं. सर बेचाळीस अंशांपर्यंत दोन-दोन अंशांनी तापमान वाढवत आणि तिथून पुढे बारकाईसाठी अर्ध्या-अर्ध्या अंशानं. प्रत्येक वेळी थांबत मात्र पंधराच मिनिटं. थर्मामीटर होता पाण्यात. स्वच्छ जॅकेटला पंधरा मिनिटं पुरत. खार धरल्यावर पाणी तापायचं, पण आतला द्रव मागे राहायचा. अर्ध्या अंशाच्या पायऱ्या सुरू झाल्या की तो मागे राहिलेला द्रव पाण्याला गाठायचा, आणि आलेख नेमका तिथे घसरायचा. द्रवात काहीच घडत नव्हतं. घडत होतं ते आमच्या बोअरच्या पाण्यात.

"मामा, जॅकेट साफ केल्याचं सरांना सांगू नका," मी म्हटलं.

"त्यात सांगायचं काय हाय?" मामा म्हणाले. "भांडं तर घासलं."

सर शनिवारी आले ते गूळ-शेंगदाण्याची पुडी घेऊन. साऱ्या कॉलेजात वाटत फिरले. मार्गदर्शक म्हणाले होते की ही पायरी म्हणजेच प्रबंध. आता बेचाळीसच्या आसपास आणखी बारीक अंतरानं एक शेवटचा संच घ्यायचा, तो जोडायचा आणि प्रबंध दाखल करायचा. टंकलेखन सुरूही झालं होतं. मी गूळ तोंडात टाकला आणि म्हटलं, "अभिनंदन, सर."

का नाही सांगितलं? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्यांचं मन मोडवेना म्हणून. ते खरं नाही. मला ती जागा हवी होती. दर जूनला कागदाची वाट बघून मी थकले होते. आणि मनात हेही आलं की एवढ्याशा पायरीनं कोणाचं काय बिघडणार आहे? कुठे कोणाच्या ताटातलं जेवण जाणार आहे? पण शेवटचा संच घेतला की सर्व उघड होणार, म्हणून मी पुढची पायरी उतरले. पंपाची वायर आतून सैल केली आणि सरांना सांगितलं की पंप जळाला, बीडहून माणूस यायला वेळ लागेल, आणि टँकरचंही काही खरं नाही. सरांनी लगेच मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांनी 'किती' असं कधीच विचारलं नव्हतं.

रोज ते येऊन विचारत, "पंप?" मी म्हणे, "अजून नाही, सर." मग ते टंकलेखकाकडे जाऊन बसत. असे दिवस गेले.

एका मंगळवारी मी सकाळी दहाला पोचले तर प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा लागलेला होता आणि पंप चालू होता; सैल वायर सरांनीच शोधून घट्ट केली होती. सर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी दाराशी उभी राहिले. बसायचं धाडस झालं नाही आणि जाताही येईना. मामा एकदा आत डोकावून परत गेले. दुपारी तीनपर्यंत सर वाचनं घेत होते. मग आलेखाचा कागद त्यांनी पुढे ओढला, ठिपके मांडले आणि पेन्सिल ठेवली.

"जॅकेट कोणी उघडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"आत खार होता?"

"डाळीएवढा."

त्यांनी डोळे मिटले. पंधरा मिनिटं, अर्धा अंश, मागे राहिलेला द्रव, सगळं त्यांना तेवढ्यात कळलं असावं. मला अर्धा दिवस लागला होता. "त्यानंतर वाचनं घेतली तुम्ही?"

"तीन."

"आणा."

मी वही दिली. त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. "स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा तुमचा हात चांगला आहे." मग वही मिटून विचारलं, "तिसरं वाचन होऊन किती दिवस झाले?"

"अकरा."

"अकरा दिवस," सर म्हणाले. "मी रोज खोटं टाईप करून घेत होतो. तुम्ही बघत होतात."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, थांबवलं नाही आणि समजूतही काढली नाही. पाणी निवलं तशी दोन बादल्या भरल्या आणि वसतिगृहाकडे निघून गेले. त्या अकरा दिवसांचा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही, आणि पंपाची वायर सैल कशी झाली हे तर विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टंकलेखकाकडून पानं परत आणली आणि मार्गदर्शकांना पत्र लिहिलं. मार्गदर्शक चिडले. पायरीशिवाय प्रबंधात नवं काही उरत नव्हतं. नोंदणीची मुदतही संपत आली होती, आणि सरांनी ती वाढवून मागितली नाही. अध्यक्षांनी त्यांना बोलावलं, मलाही. तिथं खुर्चीत बसायला न सांगताच ते म्हणाले, "सर, ती पायरी ठिवली असती जाग्यावर तर काय व्हनार होतं? कोन येनार होतं हितं बेचाळीस डिगरीला बघायला?"

सरांनी माझ्याकडे हात केला. "या आल्या होत्या," ते म्हणाले.

अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मीच सरांचा घात केला. सरांना तसं म्हणायचं नव्हतं हे मला माहीत होतं. ते माझं कौतुक करत होते, आणि ते कौतुक मला झेपत नव्हतं.

एम.एस्सी.चा वर्ग आला नाही. त्या दोन वर्षांत ज्या मुली पुढे शिकू शकल्या असत्या, त्यांची लग्नं झाली, त्यांतल्या काही आजही बाजारात भेटतात आणि "बाई, वळखलं का?" म्हणून थांबतात. मला काही वर्षांनी दुसऱ्याच वाटेनं कायमची जागा मिळाली. सर साधे अधिव्याख्याता म्हणूनच निवृत्त झाले. शेवटच्या दिवसापर्यंत मोजत होते, थांबायचा वेळ आता पंधराऐवजी चाळीस मिनिटं. कशासाठी मोजता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आकडा तर हवाच ना, बाई. पदवी नसली म्हणून काय झालं?" पुढे ते धर्मापुरीला गेले, आणि तिथंच वारले.

त्यांचा मुलगा नंतर एकदा कॉलेजात आला. दुकानात जागा नाही म्हणून वह्यांची ट्रंक विभागाला देऊन गेला. मी ती उघडायला दोन महिने लावले. वह्यांच्या तळाशी मार्गदर्शकांना लिहिलेल्या त्या पत्राची कार्बन प्रत होती. त्यात सरांनी खार, जॅकेट, पंधरा मिनिटं, सगळं एकेक करून लिहिलं होतं आणि आठ वर्षांच्या कामातला दोष पूर्णपणे स्वतःवर घेतला होता. शेवटी एक परिच्छेद माझ्यावर होता. "ही चूक माझ्या सहकारी बाईंनी शोधून काढली, त्याचं श्रेय त्यांचं आहे. शेवटचं वाचन झालं त्याच दिवशी त्यांनी मला सर्व सांगितलं." आणि पुढे तारीख. मी आकडे बघितले, पुन्हा बघितले. माझ्या तिसऱ्या वाचनाची म्हणून त्यांनी जी तारीख लिहिली होती, ती त्या मंगळवारची होती.

शिंक आली म्हणून वाचनावर काट मारणारा माणूस. त्यानं आयुष्यात एक खोटा आकडा लिहिला, तो माझ्यासाठी. मार्गदर्शकांनी कधी विचारलं तर माझ्या नावाला डाग लागू नये म्हणून. मला आधी त्यांचा भयंकर राग आला. मी त्यांच्याकडे क्षमा मागितली नव्हती, आणि त्यांनी ती मला न विचारता, कोणाला न कळू देता देऊन टाकली होती. मी स्वतः अकरा दिवसांत जे केलं नाही, ते झाकायला त्यांनी आपली वही मळवली होती. प्रयोगशाळेचं दार लावून मी पुष्कळ रडले.

मार्गदर्शक हयात नव्हते. ज्यांना ते पत्र गेलं, त्यांना आता सांगता येण्यासारखं काही नव्हतं. कार्बनची ती एक प्रत तेवढी माझ्या हातात होती. मी टेबलाशी बसले, सरांची तारीख एका सरळ रेघेनं खोडली, वर खरी तारीख लिहिली आणि समासात लिहिलं की सरांना मी हे सांगितलं नाही, अकरा दिवसांनी त्यांनी स्वतः शोधून काढलं, आणि दरम्यान पंपाची वायर मी सैल केली होती. खाली माझी पूर्ण सही केली. मग तो कागद विभागाच्या फायलीत लावला, जिथे कोणीही उघडून वाचू शकेल.